कबऱ्या घोडीवरचा डॉक्टर आणि माझ्या हातचा पाव

कोरनाग्री, जि. कॅव्हन
मंगळवार, २२ ऑक्टोबर १९५७

तीर्थरूप सबीनाआत्यास,

डिम्फनाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? हवा बदलली की तो तुला रेडिओच्या आधी पावसाची बातमी देतो असं आई सांगत होती. ह्यूगीआतोबांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या त्या पाइपलाही, कारण दोघं एकमेकांपासून वेगळे झालेले मी कधी पाहिले नाहीत. कोंबड्या अंडी देताहेत ना? आमच्या दोन ऑगस्टपासून संपावर आहेत. आम्ही इकडे सगळे खुशाल. इटा दहा आठवड्यांची झाली, अंगाने भरली आहे, आवाज तिच्या बापाच्या वरताण आहे, आणि आज सकाळीच चमच्याकडे बघून हसली. (फेलिम म्हणतो त्याच्याकडे बघून हसली. मी तिथेच होते. चमच्याकडे बघून.)

चार वर्षांनी मी तुला लिहिते आहे. मागचं माझं पत्र तुला पोचलं असणार, कारण त्यानंतर तुझं नाताळचं कार्डसुद्धा आलं नाही. त्याबद्दल पुढे कधीतरी. आज मी लिहिते आहे ते केवळ मन मोकळं करायला. इथे मी कोणाला काही सांगायला गेले तर ते ऐकून घेतात, मान डोलवतात आणि मग पाव मागतात.

आत्या, माझं काय चुकलं ते तूच सांग. डब्लिनला चार वर्षं नर्सिंग शिकले, विभागात दुसरी आले, इथे जिल्ह्याची नर्स म्हणून सायकलवरून डोंगर तुडवले. मग लग्न केलं. लग्न केल्याबरोबर सरकारने पत्र पाठवलं की विवाहित बाईला नोकरीत ठेवता येत नाही, सबब सायकल, पेटी आणि सुया परत कराव्यात. केल्या. आता मी मॅकगव्हर्न म्हणून जन्मले आणि मॅकगव्हर्नशीच लग्न केलं, यात विशेष काय? या दरीत दगड मारला तर मॅकगव्हर्नला लागतो आणि मारणाराही मॅकगव्हर्नच असतो. पण ज्या बाईचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच, तिच्या हातचा पाव खाल्ला की डांग्या खोकला जातो, हे मी तुला काय सांगणार? तू तीस वर्षं तेच करते आहेस. म्हणजे बघ, ज्या दिवशी माझी सुई काढून घेतली, त्याच दिवशी, त्याच लग्नाने, माझ्या हाती पाव दिला. सुई टोचायला मी चार वर्षं शिकले होते. पाव द्यायला मला फक्त 'हो, करते लग्न' एवढंच म्हणावं लागलं.

पहिलं गिऱ्हाईक लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारातच आलं. माझ्या डोक्यावर अजून ओढणी होती. एक बाई खोकणारं पोर घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, "नर्सबाई, पाव." मी म्हटलं, "अभिनंदन म्हणायचंय का तुम्हाला?" ती म्हणाली, "ते नंतर. आधी पाव."

तेव्हापासून हे चालू आहे. आणि मला सगळ्यात काय खुपतं सांगू? पाव नाही, आत्या. सोड्याचा पाव मला रोज भाजायचाच असतो, एक जास्त भाजला तर हात झिजत नाहीत. खुपतं ते हे की कोणी आभार मानत नाही! मानले तर गुण जातो म्हणे. पैसे नाहीत, आभार नाहीत, 'येते हं' नाही. दारात येतात, मागतात, पोराच्या तोंडात तुकडा कोंबतात, आणि पाठ फिरवून चालू पडतात. डेअरीतला तो लाजाळू ओवेन आहे ना (डावखुऱ्यांच्या घरातला मॅकगव्हर्न), त्याच्या तोंडून एकदा 'आभा...' एवढं निघालं, तर त्याच्या बायकोने त्याच्या तोंडावर असा हात मारला की तो माणूस ओठ सुजवून घरी गेला. मला त्याच्यावर मलमपट्टी करायची होती, पण ती करायला आता मला परवानगी नाही.

असो. हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण या सप्टेंबरात डांग्या खोकल्याने दरी धरली. घरटी दोन-तीन पोरं, निळी पडेपर्यंत खोकताहेत. मोठ्या पोराला तो खोकला म्हणजे तीन महिन्यांचा त्रास. दहा आठवड्यांच्या पोरीला काय, ते मी तुला लिहिणार नाही. मी त्या वॉर्डात काम केलं आहे. आणि दरीतल्या प्रत्येक खोकणाऱ्या पोराला त्याची आई कुठे घेऊन येते? थेट माझ्या दारात, जिथून सहा पावलांवर इटाचा पाळणा आहे. तिला सुई टोचायला अजून दोन आठवडे अवकाश आहे असं डॉक्टर फॅनिंग म्हणतात. त्याआधी टोचून उपयोग नाही, हे मलाही माहीत आहे. तेव्हा मी दाराची फक्त वरची फळी उघडून पाव अर्ध्या दारावरून द्यायला लागले. मागणारे अंगणात, मी आत, मग कोपरापर्यंत हात कार्बोलिक साबणाने धुवायचे, ॲप्रन बदलायचा, मगच पोरीला हात लावायचा. सासूबाई म्हणाल्या, "एवढं हात धुशील तर हातचा गुण वाहून जाईल." मी म्हटलं, देव करो आणि जावो.

दवाखान्यात मात्र डॉक्टर फॅनिंग दर गुरुवारी लशीच्या बाटल्या मांडून बसत होते. पहिल्या गुरुवारी दोन पोरं आली. दुसऱ्या गुरुवारी एक, तेही पावसातून आडोशाला. सुई आहे ती अजून खोकला न लागलेल्यांसाठी, हे लोकांना पटवायचं कसं? "बरं आहे त्याला औषध कसलं हो?" म्हणतात, "आणि आजारी पडलाच तर डिम्फनाचा पाव आहेच की." ऐकलंस? माझ्याच सुईच्या वाटेत माझाच पाव आडवा!

तेव्हा मला युक्ती सुचली. ती माझीच होती, हे मी कबूल करते. आयुष्यात मला सुचलेल्या युक्त्या दोन. पहिली होती फेलिमशी लग्न.

तुला ठाऊकच आहे की पावानंतर दरीत दुसरा मान आहे तो कबऱ्या घोड्यावरच्या स्वाराला. रस्त्यात तो भेटला आणि 'डांग्या खोकल्याला औषध काय?' असं विचारलं, की तो जे सांगेल तेच औषध. मग तो कोणी का असेना आणि काही का बरळेना. आमची डचेस घोडी काळी-पांढरी कबरी आहे. मी म्हटलं, डॉक्टरला डचेसवर बसवायचं, रविवारी मिस्सा सुटताना चर्चवरून न्यायचं. लोक विचारणारच. आणि डॉक्टरांनी एवढंच म्हणायचं, 'गुरुवारी दवाखान्यात सुई.' बस. त्यापुढे कोणाची छाती आहे नाही म्हणायची?

डॉक्टर फॅनिंगना तयार करायला मला नऊ दिवस लागले. गृहस्थ किलकेनीचे, मिशा कातरलेल्या, मोटारीची काच रोज स्वतः पुसणारे. "मी सात वर्षं वैद्यक शिकलो, बाई," ते म्हणाले, "ते घोड्यावरून भविष्य सांगायला?" मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, सात वर्षं शिकून गेल्या गुरुवारी किती पोरं आली?" त्यांनी मोटारीची काच पुन्हा एकदा पुसली. मग विचारलं, "घोडी शांत आहे ना?"

घोडी शांतच आहे, आत्या. शांत असणं हाच तिचा दोष. फेलिम तिला जिथे जिथे थांबवून गप्पा मारतो तिथे तिथे ती आपणहून थांबते, आणि फेलिमच्या गप्पांची ठिकाणं देवानेसुद्धा मोजलेली नाहीत. आमच्या फाटकापासून चर्चपर्यंत पाऊण मैल. ती अकरा वेळा थांबली. दारूच्या दुकानासमोर तिने मान आत घातली आणि आतल्यांनी तिला नावाने हाक मारली. (फेलिमने नंतर मला सांगितलं की तो तिथे फक्त दोऱ्या आणायला जातो. एवढ्या दोऱ्यांत आख्खा कॅव्हन बांधून झाला असता.) डॉक्टर लाल झाले होते. मिस्सा सुटली, लोक बाहेर आले, आणि नेमकी तेव्हाच डचेस पाण्याच्या डोणीपाशी वाकली. डॉक्टरांची हॅट डोणीत पडली, एक पाय रिकिबीत अडकला, आणि पावसाला सुरुवात झाली.

त्याच क्षणी टेकडीवरचा म्हातारा टेरी पुढे झाला, टोपी काढली आणि रीतसर विचारलं, "अहो कबऱ्या घोडीवरचे स्वार, डांग्या खोकल्याला औषध काय?"

मी भिंतीपाशी उभी होते. मी ओठांनी 'सुई, सुई' करत होते. आणि डॉक्टर फॅनिंग, किलकेनीचे, सात वर्षं शिकलेले, गर्जले: "मला काय विचारता! त्या डिम्फनाला विचारा! तिनेच मला या जनावरावर चढवलंय! जा तिच्या दारात!"

मग आख्ख्या चर्चने माझ्याकडे वळून पाहिलं. बायकांनी क्रूसाची खूण केली. टेरी माझ्यासमोर येऊन हळूच म्हणाला, "स्वाराने सांगितलं, पोरी. आता काय बोलायचं?"

मी धावत निघाले, पण लोक आडवाटेने माझ्या आधी पोचले. आणि पाऊस कोसळत होता म्हणून सासूबाईंनी (त्या उदार आहेत, सगळी दरी सांगते) दाराच्या वरची, खालची, अशा दोन्ही फळ्या उघडून सगळ्यांना आत घेतलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात अकरा पोरं चुलीभोवती खोकत होती. आणि चुलीशेजारी, ऊब म्हणून, पाळणा ठेवलेला होता.

आत्या, मी काय काय बोलले ते पाद्रीबाबांना कबुलीत सांगून झालं आहे, परत लिहीत नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरं भिजत होती गं." भिजत होतीच. मी पाळणा उचलला, आतल्या खोलीत नेला, दार लावलं, परत आले आणि पावाच्या सुरीने टेबल ठोकलं. म्हटलं, "ऐका! या घरात आजपासून एक तुकडासुद्धा मिळणार नाही. गुण उतरला आहे तो दवाखान्यात. गुरुवारी. तिथे मी पाव घेऊन उभी राहीन. आणि ज्या घरच्या धडधाकट पोरांना सुई टोचली नाही, त्या घरच्या आजारी पोराला माझा पाव लागू पडणार नाही. तीन गुरुवार!"

हा नियम मी जागच्या जागी बनवला. कुठल्याही आजीने कधी ऐकलेला नाही. पण तीन गुरुवार म्हटल्यावर त्यांचे चेहरे उजळले. तीन खेपांशिवाय दरीत कुठला इलाज पुरा झालाय का? टेरी म्हणाला, "आता कसं बोललीस! इतके दिवस अर्धाच देत होतीस होय?"

पहिल्या गुरुवारी एक्केचाळीस पोरं आली. एका टेबलाशी डॉक्टर टोचताहेत, शेजारच्या टेबलाशी मी पाव कापते आहे, मध्ये रांग. डॉक्टर माझ्याकडे बघायला तयार नव्हते, फक्त "पुढचा" म्हणत होते. सतरा पाव मी त्या दिवशी भाजले. दुसऱ्या गुरुवारी डोंगरापलीकडून बसने माणसं आली. शेवटी डॉक्टरांनी हात धुतले, टेबलापाशी आले, एक तुकडा उचलला, लोणी लावलं, खाल्ला, आणि काही न बोलता निघून गेले. आभार मानायचे विसरले, की शिकले, कोण जाणे.

आता साथ ओसरते आहे. आणि श्रेय कोणाला? बोलायलाच नको. ज्यांना सुई टोचली त्या पोरांना खोकला शिवला नाही, आणि त्यांच्या आया म्हणतात, "भावाने पाव खाल्ला ना, घरभर गुण पसरला." काल एक बाई म्हणाली की डॉक्टर बिचारे बरे आहेत, रांग लावायला मदत करतात. मी कपाळाला हात लावला. तिला वाटलं मी आशीर्वाद देते आहे. तिने पोराला वाकायला लावलं.

चुलीशेजारच्या त्या रविवारला आज सोळा दिवस झाले. लागण झाली तर खोकला उमटायला एकवीस दिवससुद्धा लागतात, तोवर मोजायचे असतात. मी मोजते आहे. इटाने अजून एकदा शिंकसुद्धा दिलेली नाही. ती खुशाल आहे, हे मी वर लिहिलंच आहे.

एवढंच. ओझं उतरलं. माया पातळ झाली असेल, पण आटली नसेल असं धरून चालणारी,

तुझी भाची
डिम्फना

ता. क. निळी लोकर तुमच्याकडच्या दुकानात अजून मिळते का? आमच्याकडे आहे ती चिखलाच्या रंगाची.

ता. क. माझ्या त्या जुन्या पत्राबद्दल. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि मला नुकताच सूक्ष्मदर्शक दाखवला होता. 'तुझ्या पावात आणि डुकराच्या कोंड्यात वैद्यकीयदृष्ट्या फरक नाही' हे वाक्य मला त्यावेळी फार छान वाटलं होतं. सोबत जंतूचं चित्र काढून पाठवायची तर काहीच गरज नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटतं. हे चार वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

ता. क. (शुक्रवार) हे पत्र मी मंगळवारी पाकिटात घातलं आणि पेटीत टाकायचं राहिलं. आज पुन्हा उघडलं आहे. इटा खोकते आहे. बुधवारी सकाळी सुरू झालं, सतराव्या दिवशी. मी तो आवाज ओळखते, आत्या. पाळण्याकडे न बघता ओळखते. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, नवं औषध देताहेत, मी जे शिकले ते सगळं करते आहे, एकही गोष्ट सोडलेली नाही. डॉक्टर म्हणतात, भरलेल्या अंगाची आहे, निभावेल. सासूबाई पाळण्याजवळून हलत नाहीत आणि माझ्याशी नजर मिळवत नाहीत. काल मी त्यांना म्हटलं, पोरं खरंच भिजत होती. तेव्हा रडल्या.

माझा पाव चालत नाही. घरच्याला घरचा गुण लागत नाही, हे तुला माहीत आहे. आडनाव हेच चालेल, हात मात्र दुसरा हवा. आणि मला माहीत असलेला दुसरा हात एकच आहे.

तर मी मागते. रीतसर मागते. सबीनाआत्या, तुझ्या हातचा पाव दे. फेलिम हे पत्र घेऊन डचेसवरून निघतो आहे. तूच त्याच्या हातात दे. दहा आठवड्यांच्या पोरीला पाव देत नाहीत, हे मला सांगू नकोस, मी तसं लेकुरवाळ्या बायकांना शिकवलेलं आहे. मी खाईन, तिला दुधातून पोचेल. असा नियम कुठे आहे म्हणून विचारू नकोस. मी आत्ताच केला.

ता. क. वरचं सगळं पुन्हा वाचलं, आणि एका जागी खोडलं आहे, तिथे शाईचा डाग दिसेल. तिथे काय लिहिलं होतं ते तू ओळखशील. ते मी म्हणणार नाही. आत्ता नाही, पाव मिळाल्यावर नाही, ती बरी झाल्यावर तर मुळीच नाही. जन्मभर म्हणणार नाही, आत्या, एवढं लक्षात ठेव.